तुझ्या पंजाची भेग

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू कड्यावरची ती भेग लीड करणार, म्हणजे रोप घेऊन सगळ्यांच्या पुढे चढणार, हे कळलं. "5.8 तर आहे, बाबा," असं तू लिहिलंस. खरं आहे, पण अवघडपणाचा हा आकडा देणाऱ्यांचे पंजे तुझ्याएवढे लहान नव्हते. मधल्या अरुंद टप्प्यात माझी फक्त बोटंच आत जातात, तिथे तुझा अख्खा पंजा बसेल. उलट वरच्या रुंद भागात मी आरामात विसावतो, तिथे तुझा हात सैल पडेल आणि तुला मूठ भरावी लागेल. म्हणून कुठे सोपं, कुठे अवघड हे माझ्याकडून ऐकून जाऊ नकोस.

पंजा आत गेला की अंगठा तळव्याकडे दाब. त्याच्या बुडाचा मांसल भाग फुगून भेगेत अडकतो, मग बोटं आवळायची गरज उरत नाही. पायाचंही तसंच आहे. गुडघा बाहेर काढून बूट आडवा आत घाल आणि मग गुडघा सरळ कर. दुखेल, पण धरेल. हातांना टेप लाव.

आता माझ्या पहिल्या लीडबद्दल, जे तुला कधी सांगितलं नाही. मी नट, म्हणजे भेगेत अडकवायचे धातूचे छोटे ठोकळे, लावत गेलो आणि प्रत्येकाला रोप अडकवायला आखूड क्विकड्रॉ, दोन्ही टोकांना कडी असलेला पट्टा, जोडला. भेग वाकडी होती, त्यामुळे रोप सरळ होऊ पाहत होता आणि प्रत्येक हालचालीला नट वर उचलत होता. कट्ट्यावर पोचून खाली पाहिलं तर तीन नट रोपवरून घसरत, खालून रोप सांभाळणाऱ्या बिलेअरपाशी जाऊन पडले होते. मी तोवर आधार आहे असं समजून चढलो होतो. पडलो नाही, पण त्या रात्री झोपही आली नाही.

भेग जिथे वळेल तिथे क्विकड्रॉऐवजी 60 सेंटिमीटरची स्लिंग, म्हणजे लांब पट्टा, लाव, जास्त वळली तर 120 ची. सगळ्यात खालचा नट वर-बाहेर ओढला तरी निघता कामा नये, म्हणून त्याच्याखाली उलट दिशेने ओढ घेणारा दुसरा नट बसव. बिलेअरला भिंतीलगत उभं राहायला सांग. लांब उभा राहिला तर तू पडताना ताणलेला रोप पहिला नट बाहेर खेचतो, मग वरचे एकामागून एक सुटू शकतात.

एवढं वाचून नटवरचा विश्वास मात्र घालवू नकोस. 1967 साली रॉयल आणि लिझ रॉबिन्स हे गिर्यारोहक जोडपं अमेरिकेतल्या योसेमिटीतला 'नटक्रॅकर' हा मार्ग एकही पिटॉन (खडकात ठोकायची खीळ) न ठोकता, नुसत्या नटांवर चढले. तोही 5.8च. तेव्हा आजचे कॅम, म्हणजे भेगेत उघडून घट्ट बसणारी स्प्रिंगची साधनं, बाजारात नव्हते.

अवघड हालचालीच्या आधी, हात स्थिर असतानाच, गिअर लाव. मध्येच नको वाटलं तर चांगला कॅम बघून त्यावर बस आणि उतर. मला त्यात काहीच कमी वाटणार नाही.

खाली आलीस की फोन कर. वर मूठ भरावी लागली का, तेही सांग.

तुझा,
बाबा