डेनिमचा निळा रंग कामगाराचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत डेनिमच्या फॅशनवर आलेला लेख वाचला. लेख देखणा आहे, पण त्यात जीन्स थेट अमेरिकेत जन्मते आणि दुसऱ्याच परिच्छेदात रॅम्पवर जाते. मधला कामगार गायब आहे. नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत रोज हजारो निळे गणवेश कामावर जातात, त्या गावात असं होऊ नये. आम्ही गणवेश शिवण्याच्या धंद्यात आहोत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी नावांबद्दल. डेनिम हे नाव फ्रान्समधल्या नीम शहरावरून आलं आणि जीन हे इटलीतल्या जिनोआ बंदरावरून, असं सहसा सांगितलं जातं. पण आपल्या कारखान्यांत ज्याला डंगरी म्हणतात, तो शब्द मुंबईच्या डोंगरीचा. डोंगरीच्या बाजारात विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड सतराव्या शतकापासून इंग्रजी कागदपत्रांत येतं. पुढे इंग्रजीत ते कापडाचं नाव झालं, मग कामाच्या पँटचं, आणि फिरून आपल्याच वर्कशॉपमध्ये आलं. मराठी वाचकांसाठी लिहिलेल्या लेखात डोंगरीचा उल्लेख राहून जावा, याचं वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट शोधाची. रिव्हेट म्हणजे धातूच्या खिळ्या लावलेली पँट लेव्हाय स्ट्रॉस यांनी नव्हे, जेकब डेव्हिस या शिंप्याने बनवली. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या रीनो गावात एका लाकूडतोड्याच्या बायकोने त्याच्याकडे न फाटणारी पँट मागितली. घोड्याच्या झुलीला लावायचे तांब्याचे रिव्हेट त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले. ती पहिली पँट निळी नव्हतीच, डक नावाच्या पांढरट, जाड सुती कापडाची होती. पेटंटसाठी लागणारे ६८ डॉलर त्याच्याजवळ नव्हते, म्हणून ज्या व्यापाऱ्याकडून तो कापड घेत असे त्या स्ट्रॉस यांना त्याने पत्र लिहिलं. पेटंट २० मे १८७३ रोजी दोघांना मिळालं.

रिव्हेट कोपऱ्यावरच का? खिशात हात घातला किंवा हत्यार ठेवलं की सगळा ताण खिशाच्या तोंडाच्या शेवटच्या टाक्यावर येतो. तिथला एक टाका सुटला की शिवण उसवत जाते. म्हणजे ही नक्षी नव्हे, दुरुस्ती आहे. पुढचा छोटा खिसा घड्याळाचा. मागच्या खिशांचे रिव्हेट खोगिराला आणि खुर्च्यांना ओरखडे पाडत, म्हणून १९३७ मध्ये ते कापडाखाली झाकले गेले आणि पुढे त्यांची जागा बारटॅकने, म्हणजे दाट टाक्यांच्या पट्टीने घेतली. आज ज्याला स्टाइल म्हणतात, त्यातली बहुतेक प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी कामाच्या अडचणीतून आलेली आहे.

आता निळ्या रंगाकडे, कारण लेखातली मोठी चूक इथे आहे. रंग उतरतो तो हलक्या प्रतीचा असतो म्हणून, असं लेखात म्हटलं आहे. तसं नाही. नीळ पाण्यात विरघळत नाही. कॉस्टिक सोडा आणि हायड्रोस ही रसायनं घालून ती विरघळणाऱ्या रूपात आणावी लागते. सूत त्यात बुडवून वर काढलं की पिवळट हिरवं दिसतं आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं. असं सहा-आठ वेळा बुडवायचं आणि वाळवायचं. तरीही रंग धाग्याच्या बाहेरच्या थरातच बसतो, गाभा पांढरा राहतो. डेनिममध्ये उभा ताणा निळा आणि आडवा बाणा पांढरा असतो. ताणा तीन धाग्यांवरून जाऊन एकाखालून जातो, म्हणून कापड वरून निळं आणि आतून पांढरं दिसतं. गुडघा घासला की गाभा उघडा पडतो. मीठ, तुरटी, व्हिनेगर यांनी नीळ पक्की होत नाही, हे घरोघरी माहीत व्हायला हवं. पँट उलटी करून, थंड पाण्यात, वेगळी धुवावी, ब्लीच टाळावं, एवढंच. (पांढऱ्या कपड्यांना द्यायची निळीची पुडी ही वेगळीच वस्तू, अल्ट्रामरीन. तिचा या निळीशी संबंध नाही.)

मग कामाच्या कपड्याला निळाच रंग का? सुतावर टिकणारे रंग त्या काळी मोजके होते आणि नीळ त्यांतली एक होती. मळ लपतो, आणि रंग गेला तरी कापड वाईट दिसत नाही. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली. तोवर हा रंग झाडाचा होता आणि त्यामागे आपल्या शेतकऱ्याची पिळवणूक होती. १८५९ चा बंगालमधला नीळ उठाव आणि १९१७ चं चंपारण हे डेनिमच्याच इतिहासाचे भाग आहेत. चंपारणच्या कुळांना जमिनीच्या दर २० कठ्ठ्यांपैकी (कठ्ठा हे तिकडचं जमिनीचं माप) ३ कठ्ठ्यांवर नीळ लावावीच लागे. आपल्याकडे निळीत कापड रंगवणाऱ्यांची ‘निराळी’ नावाची जातच होती.

फ्रान्सच्या कामगारांचा निळा कोट आता नाशिकच्या कॉलेज रोडवरही मिळू लागला आहे. न्यूयॉर्कचे छायाचित्रकार बिल कनिंगहॅम यांनी तो वर्षानुवर्षं घातला, कारण त्याचे खिसे मोठे होते आणि तो स्वस्त होता. तेवढं कारण आम्हाला पटतं. पण नवी पँट जुनी दिसावी म्हणून तिच्यावर वाळूचा मारा करणं पटत नाही. ती बारीक धूळ फुफ्फुसात बसून सिलिकोसिस होतो. तुर्कस्तानात तरुण कामगार त्याने गेले आणि २००९ मध्ये तिथे त्या पद्धतीवर बंदी आली. झिजलेल्या गुडघ्याची नक्कल करायला दुसऱ्याचा श्वास खर्च झाला. लेखात ‘डिस्ट्रेस्ड लूक’चं कौतुक आहे, ही ओळ नाही.

आणि आपल्या औद्योगिक वसाहतींतला निळा गणवेश? तो आता बहुधा डेनिमचा नसतोच. पॉलिस्टर जास्त, सूत कमी. स्वस्त पडतो, इस्त्री लागत नाही, रंग जात नाही. पण पॉलिस्टर साधारण २५५ अंशांना वितळतं आणि कातडीला चिकटतं. वेल्डिंग, भट्टी, फोर्जिंगच्या कामाला ते नको. ऑर्डर देण्याआधी कापडाचे ताणा-बाणा दोन्हींचे धागे वेगवेगळे काढून चिमट्यात धरून जाळून पाहा. सूत जळल्या कागदासारखा वास देतं आणि मऊ राख सोडतं. पॉलिस्टर आक्रसून काळा टणक मणी होतो. राखेत खडे लागले तर मिश्रण समजा. निव्वळ सूतही पेट घेतंच, तेलाने माखलं असेल तर लवकर, म्हणून वेल्डरला आगरोधक प्रक्रिया केलेलं सुती कापड आणि वर चामड्याचा एप्रन हवा. पँटची दुमड ठेवू नका, ठिणगी तिच्यात अडकते. लेथवर मात्र सैल बाहीचं जाड डेनिम घातक आहे. ते फाटत नाही, हात आत ओढून नेतं. तिथे मनगटाशी घट्ट बाही हवी.

कापड डेनिमच असेल तर चौरस यार्डाला १४ औंसाचं, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४७५ ग्रॅम, नाशिकच्या मे महिन्यात सोसवत नाही. ८ औंस, म्हणजे २७० ग्रॅमच्या आसपास, पुरे. ते सॅन्फोराइज्ड, म्हणजे गिरणीतच आधी आटवलेलं आहे का, हे विचारा. नसेल तर १०० सेंटिमीटरला १० सेंटिमीटरपर्यंत आटतं. म्हणून एक मीटर घेऊन धुवा, वाळवा, पुन्हा मोजा, आणि मगच मापं कापा. ट्विलमुळे, म्हणजे तिरप्या विणीमुळे, धुतल्यावर पाय पिळवटतो का, तेही याच वेळी कळतं. बाजूची शिवण पुढे नडगीवर सरकली, तर तो तागा परत करावा.

पुरवणीत पुढच्या वेळी या विषयावर लिहिताना डोंगरीचा, जेकब डेव्हिसचा आणि वाळूच्या माऱ्याचा उल्लेख व्हावा, आणि रंगाबद्दलची चूक दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आपले,
गणवेश शिवणारे दोन वाचक,
सातपूर, नाशिक