बंद बाथरूममधला गॅस गिझर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिलिंडरच्या स्फोटाची बातमी आली की दोन-चार दिवस घरोघरी रेग्युलेटर तपासले जातात. मात्र ज्याला ना रंग ना वास, त्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूचा विषय नौपाड्यातील आमच्या सोसायटीच्या सभेत गेल्या डिसेंबरपर्यंत कधी निघालाच नव्हता. त्या महिन्यात शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी आंघोळीला गेली आणि हाकांना ओ देईना. कडी तोडून आत गेलो तेव्हा ती फरशीवर निपचित पडली होती, नळ वाहत होता आणि भिंतीवरचा गॅस गिझर पेटलेलाच होता.

घरच्यांना वाटले, फिट आली. कोणीतरी करोनाकाळातला ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावला आणि ९८ आकडा पाहून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि असे व्यापलेले हिमोग्लोबिन त्या यंत्राला ऑक्सिजनने भरलेलेच भासते, हे इस्पितळातील डॉक्टरांकडून कळले. काही तास मास्कमधून ऑक्सिजन दिल्यावर मुलगी सावरली. त्याआधीचे पंधरा दिवस ती आंघोळीनंतर डोके दुखते, मळमळते म्हणत होती. आम्ही मोठ्यांनी ते परीक्षेच्या जागरणांवर ढकलले.

गिझर सात वर्षांपासून तोच होता. बदलली होती ती खिडकी. दिवाळीआधीच्या दुरुस्तीत काचेच्या आडव्या पट्ट्यांची, कायम हवा खेळती ठेवणारी जुनी खिडकी काढून तिथे अॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली आणि थंडी पडताच ती घट्ट लावली गेली. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो, निळी ज्योत पिवळी होते आणि हा वायू तयार होतो. सिलिंडरच्या आणि पाइपच्याही गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला उग्र वास गळतीची वर्दी देतो, पण तो ज्वलनात नाहीसा होतो. बंद खोलीतली कोळशाची शेगडी किंवा दुकानातला जनरेटर यांचा धोकाही याच जातीचा.

गिझर बसवणारा कारागीर आणि खिडकी बदलणारा कंत्राटदार एकमेकांना भेटतही नाहीत, ही खरी अडचण आहे. म्हणून घरातील दुरुस्तीला ना-हरकत देताना सोसायट्यांनी गिझर कोठे आहे हे आधी विचारावे आणि तो बाथरूममध्ये असल्यास बाहेर काढल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये, अशी विनंती आहे. आमच्या इमारतीत नऊ घरांनी गिझर ड्राय बाल्कनीत हलवले. तीन घरे अजून ‘उन्हाळ्यात बघू’ म्हणत आहेत.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे