सेंद्रिय म्हणजे सजीव नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेन्नू लघुग्रहावरून आणलेल्या मातीची बातमी आपण छापलीत, बरं वाटलं. पण मथळा दिलात 'लघुग्रहावर जीवसृष्टीच्या खुणा'. सकाळी चहाच्या टपरीवर कुणीतरी तो मोठ्याने वाचला, तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "हे दरवर्षीच सापडतंय की ओ." डाळिंबाची बाग करणाऱ्या माझ्या भाच्याने खालची बातमी वाचून विचारलं, "मामा, सेंद्रिय पदार्थ म्हणजे तिथं शेणखत हाय का?" चेष्टाच होती, पण चूक त्याची नाही. त्याच्या गावातल्या दुकानांच्या पाट्यांवर 'सेंद्रिय'चा अर्थ तोच आहे.

मुळात हा शब्दच घात करतो. स-इंद्रिय, म्हणजे इंद्रियं असलेलं. असली संयुगं फक्त सजीवांतच तयार होतात, असं एकेकाळी मानत. १८२८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ वोलर यांनी निर्जीव क्षारापासून युरिया बनवला आणि ती समजूत ढासळू लागली. शब्द मात्र राहिला. नातवाच्या दहावीच्या पुस्तकात 'कार्बनी संयुगे' असं साधं, सरळ लिहिलंय. तेच आपण का लिहू नये?

बेन्नूची १२१.६ ग्रॅम माती सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर उतरली. सजीव प्रथिनांसाठी जी वीस अमिनो आम्लं वापरतात, त्यांतली चौदा तिच्यात निघाली. पुढे रायबोज आणि ग्लुकोज या शर्कराही मिळाल्या, आणि डिंकासारखा एक पदार्थ. नायट्रोजन-ऑक्सिजनने भरलेला हा बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे लहान रेणूंची लांब साखळी) एकेकाळी मऊ होता, नंतर कडक झाला. हे सगळं थरारक आहेच. पण आपल्या बातमीतून एक गोष्ट सुटली. अमिनो आम्लाची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या हातांसारखी. सजीवांच्या प्रथिनांत जवळजवळ सगळी डावीच असतात. बेन्नूवर मात्र डावी-उजवी साधारण सारखीच सापडली. म्हणजे ती कुण्या जिवाने घडवलेली नाहीत, नुसत्या रसायनांनी केलेलं काम आहे ते.

मी एकतीस वर्षं सोलापूरच्या पूर्वभागात जॅकार्डच्या मागावर चादरी विणल्या, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. पाळी संपली की मागाखाली तुटक्या धाग्यांचा गुंता साठतो. लाल, पिवळा, हिरवा, सगळा एकात एक. सूत तेच, जे वर चादरीत जातं. पण वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. कुठला धागा उचलायचा हे ती ठरवते, म्हणून मोर उमटतो. तो डिंक म्हणजे मागाखालचा गुंता. प्रथिन म्हणजे मोर. बेन्नूवर सूत सापडलंय, पुठ्ठे नाहीत. आणि पहिले पुठ्ठे कुणी न पाडता कसे पडले, हे अजून कुणालाच उलगडलेलं नाही. मथळा द्यायचाच तर याचा द्या ना.

आणखी एक राहिलं. शनीचा चंद्र टायटन नारिंगी दिसतो, तोही अशाच गुंत्यामुळे. हवेतल्या नायट्रोजन-मिथेनवर ऊन आणि शनीभोवतीचे विद्युतभारित कण आदळतात, रेणू फुटतात, वाटेल तसे जुळतात, त्यांचं धुरकं होतं. प्रयोगशाळेत तसाच चिकट तपकिरी साका बनवून कार्ल सेगन आणि बिशुन खरे यांनी १९७९ साली त्याला 'थोलिन' नाव दिलं. खरे मूळचे वाराणसीचे. सेगन यांचं नाव सगळ्यांना ठाऊक, खऱ्यांचं मराठी वर्तमानपत्रात मी तरी कधी वाचलं नाही. टायटनच्या थोलिनसारखा साका आम्लात उकळला की अमिनो आम्लं सुटी होतात. १४ जानेवारी २००५ ला, इकडे गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, हायगेन्स यान त्या नारिंगी धुरक्यातून उणे १७९ अंशांच्या जमिनीवर उतरलं होतं.

आता ड्रॅगनफ्लाय हे उडतं यान २०२८ मध्ये निघून २०३४ मध्ये तिथे पोहोचायचं आहे. तिथे कार्बनी संयुगं सापडणार, हे मी आजच लिहून देतो. त्या दिवशी 'टायटनवर जीवन?' असं छापण्याआधी बातमीशेजारी डाव्या-उजव्याची एक छोटी चौकट टाका. टपरीवर मी ती वाचून दाखवीन.

आपला,
एक निवृत्त विणकर, सोलापूर