नौपाड्याच्या काकांना, त्या बरोबरीबद्दल

तीर्थस्वरूप काका,
सा. न.

वाशीच्या बुद्धिबळ स्पर्धेतला काळ्या मोहऱ्यांचा डाव बरोबरीत सुटला हे तुम्हाला फोनवर सांगितलं, पण आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

समोरचा खेळाडू रेटिंगने माझ्यापेक्षा बराच वरचा. त्याने प्यादी डी४, सी४ वर आणली (अक्षर म्हणजे पटाचा उभा स्तंभ, आकडा म्हणजे आडवी ओळ) आणि मी तुमचाच बचाव मांडला: क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड, म्हणजे पांढऱ्याने देऊ केलेलं सी४ चं प्यादं लगेच न मारणारा, तोही जुना ऑर्थोडॉक्स प्रकार. माझ्या वयाची मुलं किंग्ज इंडियन या दुसऱ्या बचावाच्या मागे असताना तुम्ही मला १९२७ चा कापाब्लांका-अलेखाइन हा जगज्जेतेपदाचा सामना दाखवत बसलात. ३४ डाव, त्यातले ३२ याच ओपनिंगचे, म्हणजे याच सुरुवातीचे!

काळ्याने प्यादं ई६ वर आणलं की सी८ चा उंट आत कोंडला जातो, हे या बचावाचं दुखणं. तुम्ही चाली पाठ करून घेतल्या नाहीत, त्यांची कारणं सांगितलीत. पांढऱ्याचा उंट डी३ ला येईपर्यंत सी४ चं प्यादं मारायचं नाही, म्हणजे त्याला एकाच उंटावर दोन चाली खर्चाव्या लागतात. मग लगेच घोडा डी५. जागा अपुरी असेल तर मोहरे कमी करायचे: उंटाला उंट, घोड्याला घोडा, आणि मग ई५. उंटाची वाट मोकळी!

तो तेवढ्यावर थांबणारा नव्हता. मधली प्यादी आणि उरलेले घोडे मारले गेल्यावर त्याने एफ४ रेटलं. पुढे एफ५ आलं असतं तर माझा उंट पुन्हा अडकला असता. पण हा हल्ला तुम्ही स्वतः पांढरे घेऊन माझ्यावर इतक्यांदा केला होता की हात आपोआप वजिराकडे गेला. वजीर ई४, त्याचं ई३ चं प्यादं जागीच अडलं. पुढच्याच चालीला उंट एफ५ वर. तिथून मला एकदाही भीती वाटली नाही. शेवटी हत्तींची मारामारी झाली आणि त्यानेच बरोबरीसाठी हात पुढे केला.

काका, इतके रविवार तुम्ही दिलेत, कधी एक पैसा घेतला नाहीत. मनापासून आभार.

आता याच ओपनिंगमधला लास्कर बचाव शिकवा. २०१० मध्ये सोफियाला आनंदने टोपालोवविरुद्धच्या शेवटच्या डावात काळ्याकडून तोच खेळून जगज्जेतेपद राखलं होतं. या रविवारी पट घेऊन येते.

तुमची विद्यार्थिनी