माया सोडून बेत

प्रिय बाळ,

काल फोनवर तू म्हणालास, "मशीन आणून आठ दिवस झाले, कापडही आणलंय, पण कात्री लावायचा धीर होत नाही." फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यातून ते जाईना. म्हणून हे सगळं लिहूनच पाठवते. शिवताना कागद शेजारी ठेवता येतो, फोन खांद्यात धरून शिवता येत नाही.

तुझी भीती खरी आहे, फक्त ती कुठे बाळगायची आणि कुठे सोडायची हे कळलं पाहिजे. टीप चुकली तर उसवता येते. नेफा, म्हणजे कमरेला इलॅस्टिक ओवायची दुमडलेली पट्टी, वाकडा झाला, पायाची दुमड कमी-जास्त झाली, तरी सगळं पुन्हा करता येतं. कापलेलं कापड तेवढं पुन्हा जोडलं जात नाही. म्हणजे जपायचं ते कात्रीच्या आधी. कापून झालं की मोकळ्या मनाने शिव, दहा वेळा उसवावं लागलं तरी काही बिघडत नाही.

पहिला कपडा शर्ट नको. कॉलर, कफ, काज, बाह्यांचा मुंढा, एवढं सगळं एकदम अंगावर घेऊ नकोस. कमरेला इलॅस्टिकचा पायजमा शिव. चेन नाही, बटण नाही, अंगाला घट्ट बसायचं नाही. तरीही सरळ टीप, वळणाची टीप, नेफा आणि दुमड हे चारही धडे त्यात येतात. तू आणलेलं कापड सुती, मध्यम जाडीचं नसेल तर तसं घे. साटीन, शिफॉन हाताखालून निसटतात आणि टी-शर्टचं ताणणारं कापड मशीनखाली लांबत जातं, ते पुढे कधीतरी. चौकडाही नको, चौकटी जुळवण्यात सगळा जीव जाईल. झाडं किंवा पक्षी एकाच दिशेला बघत असतील अशी छापसुद्धा टाळ.

तुझ्या उंचीला ११० सेंटिमीटर पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड अडीच मीटर पुरेल. ते आणलंस तसं कापू नकोस. आधी धू, वाळव, इस्त्री कर. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. मी एकदा घाईने न धुतलेल्या कापडाचं पूर्ण बाह्यांचं झंपर शिवलं होतं. फार सुरेख बसलं. पहिल्या धुण्यानंतर बाह्या मनगटाच्या वर गेल्या आणि काखेत काचायला लागलं. शिवण्यात एक टाका चुकला नव्हता, तरी तो कपडा पुन्हा अंगात घालता आला नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

बेतायला तुझा नीट बसणारा जुना पायजमा घे. एक पाय दुसऱ्यावर घडी घालून तो मोठ्या कागदावर सपाट पसर आणि कमरेचं इलॅस्टिक पूर्ण ताणून टाचण्यांनी टोचून ठेव, नाहीतर कंबर निम्मी होईल. पुढचा भाग वेगळा उतरव, मागचा वेगळा. दोन्ही सारखे नसतात. मागचं आसन, म्हणजे दोन पायांच्या मधली गोलाई, जास्त खोल असतं आणि कमरेलाही मागची बाजू उंच असते, कारण बसल्यावर कापड मागेच लागतं. हे न पाहता दोन्ही भाग सारखे कापले तर पायजमा बसताना खाली ओढला जातो. मग कितीही उसवून शिवलास तरी तो सुधरत नाही.

कागदावर आली ती शिवणीची रेघ. तिच्या बाहेर जागा सोडायची, तिला माया म्हणतात. बाजूंना आणि आसनाला दीड सेंटिमीटर, वर नेफ्यासाठी चार, खाली दुमडीला तीन. कोणी हा शब्द शिवणकामात आणला ठाऊक नाही, पण मला तो फार आवडतो. तू लहान असताना तुझ्या सदऱ्यांना मी बाजूला भरपूर माया ठेवायची. तू वाढलास की टीप उसवायची, आतलं कापड बाहेर सोडायचं, पुन्हा टीप मारायची. एक निळा सदरा तसा तीन वर्षं चालला. बाजूला जुन्या टिपांच्या फिकट रेघा दिसायच्या, त्या मी मुद्दाम धुऊन घालवल्या नाहीत. पहिल्याच पायजम्याला तू दोन सेंटिमीटर माया ठेवलीस तरी चालेल. कमी पडलं तर आतून मिळतं, जास्त झालं तर आत घेता येतं.

आता कापड मांडणं. काठाला समांतर जातो तो उभा धागा. कापड उभं ओढून बघ, जवळजवळ ताणत नाही. आडवं थोडं ताणतं, तिरपं ओढलं तर खूप. पायाची मधली रेघ उभ्या धाग्यावरच आली पाहिजे. कागदावर तशी लांब रेघ मार आणि तिच्या दोन्ही टोकांपासून काठापर्यंतचं अंतर टेपने मोज, सारखं भरलं पाहिजे. इथे दोन सेंटिमीटरची चूक झाली तर आज दिसणार नाही, पण काही धुण्यांनंतर पायाची बाजूची शिवण फिरून पुढे येईल. कापड सुलट बाजू आत ठेवून दुहेरी कर, मग एका कापात डावा-उजवा अशी जोडी निघते. मी शिकत असताना एकेरी कापडावर एकाच कागदाने दोन बाह्या कापल्या आणि दोन्ही उजव्या हाताच्या निघाल्या. कापड उरलं नव्हतं. माझी आई काही बोलली नाही. तिने त्याचा बिनबाह्यांचा कपडा करून दिला, पण रात्रभर मला झोप लागली नव्हती. कात्री लावण्यापूर्वी मी अजूनही तुकडे मनात अंगावर ठेवून बघते, हा कुठला पाय, ही पुढची बाजू की मागची.

कापडाची कात्री वेगळी ठेव. तिने कागद कापू नकोस, धार जाते.

मशीनबद्दल. मध्यम सुती कापडाला ९० नंबरची सुई लाव, पाकिटावर तिलाच १४ असंही लिहिलेलं असतं. पातळ कापडाला ७० किंवा ८०. टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर. हातशिलाईच्या सुईला नेढं मागे असतं, मशीनच्या सुईला टोकाशी. तिथूनच सगळी गंमत सुरू होते. एलियास होव यांनी १८४६ साली अमेरिकेत ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्यात टोकाशी नेढं असलेली सुई वरचा दोरा कापडाखाली नेते आणि खालचा धोटा, म्हणजे खालचा दोरा वाहून नेणारा भाग, त्या फासातून दुसरा दोरा ओवतो. तुझ्या मशीनवरही तेच घडतं. दोन दोऱ्यांची गाठ कापडाच्या जाडीत मधोमध बसली की टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसते.

हे लक्षात ठेवायचं कारण असं की खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं की नवशिके बॉबीन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, काढून बघत बसतात. चूक बहुतेक वेळा वर असते. वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्यांमध्ये बसलेला नसतो, म्हणून ढिला राहून खाली गोळा होतो. दाबाचा पाय, म्हणजे सुईशेजारी कापड दाबून धरणारा भाग, वर उचललेला असतानाच दोरा ओव, तेव्हाच त्या चकत्या उघड्या असतात. सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेव आणि चार टाके पुढे, चार मागे घेऊन मग चाल.

कापडाला हात लावण्याआधी एक संध्याकाळ रेघांच्या वहीच्या कागदावर दोऱ्याशिवाय टीप मार. रेघेवरून भोकं जातात का बघ. नजर सुईवर ठेवू नकोस, बाजूच्या पट्टीवरच्या खुणेवर ठेव. कापड ढकलायचं नाही आणि मागून ओढायचंही नाही, खालचे दाते ते नेतात. ओढलंस तर सुई वाकून मोडते. कोपऱ्यावर सुई कापडात ठेवून दाबाचा पाय उचल, कापड फिरव, तो पाय टेकव. कागदावरून उठलास की ही सुई बदलून टाक, कागदाने ती बोथट होते.

मग पायजमा. प्रत्येक पायाची बाहेरची आणि आतली शिवण घाल. कडांना झिगझॅग मार, म्हणजे दशा सुटणार नाहीत. एक पाय सुलट करून दुसऱ्या उलट्या पायात घाल, सुलट बाजू सुलट बाजूला लागली पाहिजे, आणि आसनाची गोलाई एकाच टिपेत शीव. तिथे ताण सगळ्यात जास्त, म्हणून त्याच टिपेवर दुसरी टीप मार. नेफा दुमडताना दोन-तीन सेंटिमीटर फट ठेव, इलॅस्टिक सेफ्टी पिनेने त्यातून ओव. ते कमरेच्या मापापेक्षा पाचेक सेंटिमीटर कमी घे, पण टोकं पक्की करण्याआधी घालून बस, उठ, वाक. पायाची दुमड सर्वात शेवटी.

इस्त्री बाजूला तापत राहू दे. एक शिवण झाली की तिच्यावर इस्त्री, मगच तिला आडवी जाणारी दुसरी शिवण. इस्त्री घासू नकोस, उचलून ठेवत जा, घासल्याने तिरपे काप लांबतात. घरी शिवलेला कपडा "घरी शिवलेला" दिसतो तो बहुतेक वेळा इस्त्री न केल्यामुळे. मला वाटतं शिवणीचा निम्मा वेळ तिथे जायला हवा, आणि तो मला कधीच वाया गेल्यासारखा वाटला नाही.

उसवायचं झालं तर दोरा ओढू नकोस. एका बाजूचा दर चौथा टाका काप, मग दुसऱ्या बाजूचा दोरा आपोआप निघून येईल. रात्री थकल्यावर उसवू नकोस, तेव्हा उसवणीचं, म्हणजे टाके कापायच्या हत्याराचं, टोक कापडात जातं.

शिवताना अडलास तर आधी स्वतः बघ, बहुतेक गोष्टी हाताला कळत जातील. कागद कापडावर टाचून झाला, उभा धागा मोजून झाला, की कात्री लावायच्या आधी मात्र फोन कर. कितीही वाजले असले तरी चालेल. एकेक तुकडा मला सांग, मी इथे डोळे मिटून बघते.

तुझी,
आई