सीआरएम घेण्याआधी नोंद कोण करणार ते ठरवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आर्थिक वर्ष संपत आले की लहान व्यावसायिकांना सॉफ्टवेअर विक्रेत्यांचे फोन सुरू होतात. वर्षाचे पैसे आत्ताच भरा, मोठी सूट मिळेल, असा आग्रह असतो. ग्राहकांच्या चौकशा, पाठपुरावा आणि विक्रीनंतरची सेवा एका जागी ठेवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे सीआरएम, घेणे चूक नाही. चूक होते ती निवडताना. मालक विक्रेत्याच्या लॅपटॉपवर रंगीत आलेख पाहून होकार देतो. रोजची नोंद मात्र छतावर उन्हात माप घेणाऱ्या मुलाला किंवा काउंटरवर एका हाताने फोन धरून बोलणाऱ्या बाईंना करायची असते, आणि त्यांना कोणी विचारलेलेच नसते. लहान व्यवसायांच्या नोंदव्यवस्था बसवणे हे आमचे काम आहे. कोणत्याही सॉफ्टवेअरची विक्री आम्ही करत नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

आधी पंधरा दिवस एक साधी वही किंवा गुगल शीट ठेवावी. रकाने दहाच: तारीख, नाव, मोबाइल, गाव, चौकशी कुठून आली, काय हवे आहे, कोणाकडे दिली, सध्याची स्थिती, पुढच्या फोनची तारीख आणि नकार आला असल्यास कारण. पंधरा दिवसांनी दोन गोष्टी कळतात. रोज किती चौकशा येतात, आणि एका ग्राहकाशी किती जण बोलतात. एकच माणूस सगळे पाहत असेल आणि दिवसाला पाच-सात चौकशा असतील, तर ही शीट आणि व्हॉट्सअॅप बिझनेसमधील लेबले पुरतात. तिथे वीस लेबले करता येतात. सीआरएमची खरी गरज पडते ती दुसरा माणूस त्याच ग्राहकाला फोन करू लागतो तेव्हा, किंवा पाण्याच्या फिल्टरसारखी दर तीन-चार महिन्यांनी सेवेची तारीख येत राहते तेव्हा.

घरगुती सौर पॅनेल बसवणाऱ्या चार-पाच माणसांच्या व्यवसायाचे उदाहरण घेऊ. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, एक किलोवॉटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरले, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत असे व्यवसाय वाढले. यांच्याकडे चौकशीचा प्रवास असा असतो: फोन आला, वीजबिल मागवले, छत पाहिले, कोटेशन दिले, अॅडव्हान्स मिळाला. मग राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, उभारणी, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर) आणि शेवटी ग्राहकाच्या खात्यात अनुदान. पहिले पाच टप्पे विक्रीचे, उरलेले चार कामाचे. बाजारातल्या बहुतेक सीआरएममध्ये तयार टप्पे परदेशी विक्रीच्या धर्तीवर असतात आणि 'सौदा जिंकला' इथे येऊन थांबतात. आपल्या सौरवाल्याची खरी डोकेदुखी तर तिथून सुरू होते. म्हणून टप्प्यांच्या दोन वेगळ्या साखळ्या करता येतात का, आणि त्यांची नावे मराठीत बदलता येतात का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. मोफत किंवा स्वस्त योजनेत अनेकदा एकच साखळी मिळते.

याच व्यवसायात आणखी एक बारकावा आहे, तो विक्रेत्याच्या डेमोत कधीच दिसत नाही. फोन करणारा मुलगा असतो, बिल वडिलांच्या किंवा हयात नसलेल्या आजोबांच्या नावावर असते. अर्ज वीजग्राहकाच्याच नावाने करायचा असल्याने 'बोलणाऱ्याचे नाव' आणि 'बिलावरचे नाव' असे दोन रकाने लागतात, आणि नावे जुळत नसतील तर 'नावबदल बाकी' असा एक टप्पाही लागतो. हे एकाच रकान्यात कोंबले की काम पोर्टलवर अडकते आणि का अडकले ते कोणाला सांगता येत नाही. महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक ठेवायचा रकाना 'संख्या' प्रकारचा करू नये, 'मजकूर' प्रकारचा करावा. संख्येचा केला की सुरुवातीची शून्ये गळून पडतात.

आता चाचणीविषयी. बहुतेक कंपन्या दोन आठवड्यांच्या आसपास मोफत वापर देतात. हे दिवस मालकाने नव्हे, फिरतीवरच्या माणसाने स्वतःच्या फोनवर वापरून काढावेत. सुरुवातीला तीसच जुने ग्राहक भरावेत आणि त्या दिवसापासूनची प्रत्येक नवी चौकशी. एक नोंद एका मिनिटात झाली पाहिजे, सक्तीचे रकाने सहापेक्षा जास्त नकोत, आणि सकाळी अॅप उघडताच 'आज कोणाला फोन करायचे' ही यादी पहिल्याच पडद्यावर दिसली पाहिजे. रेंज नसलेल्या गावात केलेली नोंद नंतर आपोआप चढते की हरवते, तेही पाहावे. रोज संध्याकाळी फोनच्या कॉल यादीतल्या आणि व्हॉट्सअॅपवरच्या नव्या चौकशा मोजाव्यात आणि सॉफ्टवेअरमधल्या नोंदींशी ताडून पाहाव्यात. दहातली एकापेक्षा जास्त चौकशी सुटत असेल, तर आधी रकाने कमी करावेत. तरीही सुटत असेल तर ते सॉफ्टवेअर आपल्यासाठी नाही.

नोंदी का बंद पडतात याची कारणे ठरलेली आहेत. सगळ्यात घातक म्हणजे ईमेलचा सक्तीचा रकाना. आपल्या बहुतांश ग्राहकांकडे द्यायला ईमेल नसतो, म्हणून कर्मचारी सगळीकडे एकच बनावट पत्ता टाकतो. कित्येक सीआरएम माणूस ओळखतात तो ईमेलवरून. मग यादी चढवताना एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याच्या नोंदीवर बसते आणि जुनी पुसली जाते. ओळखीची खूण मोबाइल क्रमांक ठेवता येतो का, हे विचारून घ्यावे. दुसरे कारण मालक स्वतः. सॉफ्टवेअर घेतल्यावरही तो व्हॉट्सअॅप गटावर 'अमुक साहेबांचे काय झाले?' असे विचारत राहिला, तर कर्मचाऱ्याला तेच दोनदा लिहावे लागते आणि महिन्याभरात तो एक जागा सोडतो. कोणती सोडतो ते सांगायला नको. तिसरे, पहिल्याच दिवशी फोनमधले पाच हजार क्रमांक ओतणे. त्यात नातेवाईक, पुरवठादार, गॅसवाला सगळे येतात, आणि खऱ्या चौकशा त्या ढिगात सापडत नाहीत.

व्हॉट्सअॅपबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. साध्या बिझनेस अॅपमध्ये एका ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश एकदम अनेकांना पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात, आणि ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. सीआरएमला जोडायचे ते व्हॉट्सअॅपचे एपीआय, ही वेगळी सेवा आहे. त्यात आपण होऊन पाठवायच्या संदेशाचा नमुना व्हॉट्सअॅपची मालक कंपनी मेटा हिच्याकडून आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि जुलै २०२५ पासून नमुना-संदेशांचे शुल्क प्रत्येक संदेशामागे लागते. जाहिरातीचा आणि कामाच्या माहितीचा दर वेगळा असतो. ग्राहकाने आधी लिहिले तर चोवीस तास आपण मोकळेपणाने उत्तर देऊ शकतो. 'क्यूआर स्कॅन करा आणि हजारो लोकांना फुकट पाठवा' असे सांगणारी साधने अधिकृत नसतात. त्यांच्यामुळे क्रमांक बंद होऊ शकतो, आणि तो क्रमांक पाटीवर, गाडीवर, बिलबुकावर छापलेला असतो. एपीआयची नोंदणी करताना मेटाचे बिझनेस खाते आपल्याच व्यवसायाच्या नावे आहे ना, हे स्वतः पाहावे. ते विक्रेत्याच्या नावे राहिले तर विक्रेता बदलताना क्रमांक सोडवणे कठीण जाते. एसएमएस पाठवायचे असतील तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी मंचावर व्यवसायाची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या नमुन्याची नोंद लागते. ती नसेल तर संदेश वाटेतच अडवले जातात.

'कॉल आपोआप नोंदले जातील, रेकॉर्डही होतील' या आश्वासनापाशी थांबावे. आयफोनवर कोणत्याही बाहेरच्या अॅपला कॉलची यादी वाचता येत नाही. अँड्रॉइडवरही गूगलने २०२२ च्या मे महिन्यापासून प्ले स्टोअरवरच्या अॅपना कॉल रेकॉर्डिंगसाठी अॅक्सेसिबिलिटीची, म्हणजे दिव्यांगांच्या सोयीसाठी दिलेल्या सुविधेची, वाट वापरायला मनाई केली आहे. विक्रेता प्ले स्टोअरबाहेरून अॅप टाकायला सांगत असेल तर कारण विचारा. क्लाउड टेलिफोनीचा, म्हणजे इंटरनेटवरच्या सेवेतून कॉल वळवणारा आणि नोंदवणारा, वेगळा क्रमांक घेणे हा सरळ मार्ग आहे. त्याचे भाडे वेगळे धरावे.

मराठीची परीक्षा दोन ठिकाणी होते. जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या) फॉण्टमध्ये टंकलेल्या असतील तर सीआरएममध्ये त्यांची निरर्थक अक्षरे दिसतात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे. एक्सेलमधून फाइल जतन करताना साधी सीएसव्ही नव्हे, 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडावा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. मोबाइलचा स्तंभही आधी 'टेक्स्ट' करावा. ९१ जोडलेले बारा आकडी क्रमांक एक्सेल आखडून दाखवते आणि त्याच रूपात जतन झाले की शेवटचे आकडे कायमचे जातात. दुसरी परीक्षा कोटेशनच्या पीडीएफची. काही सॉफ्टवेअरना देवनागरीची जोडाक्षरे जुळवता येत नाहीत. चाचणीत 'क्षेत्रफळ', 'कुऱ्हाड', 'ज्ञानेश्वर', 'किर्लोस्करवाडी' हे शब्द घालून पीडीएफ काढावी आणि ग्राहकाकडे असतो तशा साध्या फोनवर उघडून बघावी. ऱ्ह तुटला किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, तर त्या सॉफ्टवेअरमधून मराठी कोटेशन देता येणार नाही. 'कुलकर्णी' एकदा देवनागरीत आणि एकदा रोमनमध्ये लिहिले की दोन ग्राहक तयार होतात. म्हणून शोध नेहमी मोबाइलच्या शेवटच्या पाच आकड्यांनी घ्यायची सवय लावावी.

खर्चाचा हिशेब जाहिरातीतल्या आकड्यावर करू नये. तो आकडा बहुधा एका माणसाचा, एका महिन्याचा, आणि वर्षाचे पैसे एकदम भरल्यास लागू होणारा असतो. समजा दर ८०० रुपये आणि माणसे चार. महिन्याला ३,२००, वर्षाला ३८,४००, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६,९१२, म्हणजे ४५,३१२ रुपये. संदेशांचे शुल्क, टेलिफोनीचे भाडे आणि बसवून देण्याची फी याच्या वर. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्या, व्यावसायिकाला या जीएसटीचे क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही. परदेशी कंपनीकडून डॉलरमध्ये घेतल्यास नोंदणीकृत व्यवसायाला रिव्हर्स चार्जने कर स्वतः रोखीने भरून मग नियमित योजनेत त्याचे क्रेडिट घ्यावे लागते; कर सल्लागाराला आधीच सांगून ठेवावे. तीन माणसांपर्यंत झोहो सीआरएमची मोफत आवृत्ती चालते. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे फ्रापे सीआरएम आणि ओडूची कम्युनिटी आवृत्ती मुक्तस्रोत आहेत, म्हणजे त्यांचा कोड कोणालाही घेऊन वापरता येतो. पण मुक्तस्रोत म्हणजे बिनखर्चाचे नव्हे. सर्व्हरचे भाडे, रोजचा बॅकअप आणि अद्ययावत करणारा माणूस लागतो. तो नसेल तर या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिले तीन महिने महिन्याच्या दराने, महाग पडले तरी, पैसे भरावेत. वर्षाची सूट चौथ्या महिन्यातही मागता येते.

चाचणीच्या तिसऱ्या दिवशी, अजून पैसे दिलेले नसताना, सगळी माहिती बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर उघडावी. नाव-क्रमांकांची फाइल सगळेच देतात. बोलण्याच्या नोंदी, पुढच्या तारखा, जोडलेली बिले आणि छताचे फोटो येतात का, ते पाहावे. ते येत नसतील तर दोन वर्षांनी सॉफ्टवेअर बदलताना हातात नुसती टेलिफोन डिरेक्टरी उरेल. वर्गणी संपल्यावर माहिती किती दिवस ठेवली जाते, हे ईमेलवर लेखी घ्यावे. मुख्य लॉगिन व्यवसायाच्या ईमेलवर असावे, विक्रेत्याच्या किंवा नोकरी सोडून जाऊ शकणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नव्हे. एक्स्पोर्टचा, म्हणजे माहिती बाहेर काढण्याचा, अधिकार फक्त मालकाकडे ठेवावा. कोणी सोडून गेल्यास त्याचे खाते पुसू नये. आधी निष्क्रिय करून त्याच्या नोंदी दुसऱ्याकडे वळवाव्यात. पुसले की काही सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या नावावरच्या चौकशा कोणाच्याच यादीत दिसत नाहीत.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. माहिती सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर असली तरी ग्राहकाला जबाबदार आपण राहतो. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान दुकानाला तेवढा होईल असे नाही, पण जबाबदारीतून सूट मिळते असेही नाही. म्हणून संमती घेतल्याची तारीख हा एक रकाना आजच ठेवावा, आणि आधार कार्डाचे फोटो सीआरएममध्ये किंवा व्हॉट्सअॅप गटात साठवू नयेत. अर्जापुरते वापरून काढून टाकावेत.

तालुक्याच्या व्यापारी संघटनांना आमची एक विनंती आहे. सॉफ्टवेअर विक्रेत्यांना सभेत बोलवायचे तर डेमोऐवजी एखाद्या सदस्याच्या गेल्या आठवड्यातल्या वीस खऱ्या चौकशा, नावे व क्रमांक बदलून, त्यांच्यापुढे ठेवाव्यात. त्या चौकशा सगळ्यांसमोर, मोबाइलवर, मराठीत भरायला सांगाव्यात. मग कोटेशनची पीडीएफ काढायला आणि शेवटी सगळी माहिती बाहेर काढून द्यायला सांगावे. याला तासभर पुरतो. आपल्या दैनिकाच्या उद्योगविषयक पानावर सॉफ्टवेअरची तुलना छापताना वैशिष्ट्यांच्या यादीबरोबर चार माणसांचा करासह वार्षिक खर्च आणि माहिती परत मिळण्याच्या अटी, हे दोन रकानेही द्यावेत.

आपले,
लहान व्यवसायांच्या नोंदव्यवस्था बसवणारे काही सल्लागार,
नाशिक