नगरसेवकाच्या प्रश्नाला लेखी उत्तर मिळू द्या: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांमुळे रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन अशा कोकणातल्या नगरपरिषदांत पुन्हा लोकांनी निवडून दिलेली माणसं बसली. त्याआधीची जवळजवळ चार वर्षं तिथे प्रशासक होते. नव्या नगरसेवकांत पहिल्यांदाच निवडून आलेले पुष्कळ आहेत, आणि ५० टक्के आरक्षणामुळे निम्म्या जागांवर बायका आहेत. त्यांच्यासाठी आपल्याकडे एकच मागणं आहे. नगरसेवकाने लेखी विचारलेल्या प्रश्नाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळालं पाहिजे, आणि प्रश्न आणि उत्तर दोन्ही गावाला वाचायला मिळालं पाहिजे.

मी २०१६ च्या निवडणुकीत खाडीकाठच्या एका छोट्या शहरातून निवडून आले होते. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे सांगणार आहे ते एकाच नगरपरिषदेचं दुखणं असतं तर मी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले असते, आपल्याला पत्र लिहिलं नसतं.

आमच्या बाजारपेठेतून एक पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, जातो. मच्छीमार्केटच्या मागून वळून तो खाडीला मिळतो आणि मुख्य रस्ता ओलांडताना एका जुन्या मोरीतून, म्हणजे रस्त्याखालच्या पाण्याच्या वाटेतून, जातो. मोठ्या भरतीच्या वेळी पाऊस लागून राहिला की खाडी पऱ्याचं पाणी घेत नाही. ते मागे फुगतं. मोरी मोकळी असेल तर ओहोटी लागल्यावर तासा-दोन तासांत उतरतं, तुंबलेली असेल तर ओहोटी लागली तरी बाजारातच थांबतं. मासळी विकणाऱ्या बायका घोटाभर घाण पाण्यात पाट्या मांडून बसतात आणि शेजारच्या किराणा दुकानदाराची पोती खालून भिजतात. म्हणून मी मे महिन्यात लेखी प्रश्न दिला. मान्सूनपूर्व नालेसफाईत या मोरीतून किती गाळ काढला, तो कुठे टाकला, ठेकेदाराला देयक किती अदा झालं, आणि झालेल्या कामाची मापं ज्यात नोंदवतात त्या मोजमाप पुस्तिकेची प्रत मिळावी.

विषयपत्रिका आली, तिच्यात प्रश्न नव्हता. सभेत उभी राहिले, तर ‘विषयपत्रिकेवर नाही, ऐनवेळच्या विषयांत घ्या’ असं सांगण्यात आलं. ऐनवेळचे विषय येईपर्यंत निम्मं सभागृह उठलेलं होतं. उत्तर मिळालं ते एवढंच, ‘माहिती घेऊन कळवतो.’ पुढच्या सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायला आलं. त्यात माझा प्रश्नही नव्हता आणि ते आश्वासनही नव्हतं. ‘सदस्यांनी विविध नागरी समस्यांवर चर्चा केली’ एवढं एक वाक्य होतं.

शेवटी मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. नगरसेविका असून मला स्वतःच्याच नगरपरिषदेत दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहिती मागावी लागली. कायद्याने उत्तराला ३० दिवस आहेत. माहिती हातात पडली तेव्हा आषाढ सरत आला होता आणि बाजारात पाणी येऊन गेलं होतं. मोजमाप पुस्तिकेच्या त्या पानावर लांबी, रुंदी, खोली असे रकाने होते आणि पऱ्याच्या सुरुवातीपासून खाडीपर्यंत खोलीच्या रकान्यात एकच आकडा खाली खाली उतरवलेला होता. मोरीची वेगळी नोंद नव्हती. मी मोरीच्या तोंडाशी जाऊन बघितलं. नारळाच्या झावळ्या, मासळीचे थर्माकोलचे फुटके खोके, जाळ्याचे गुंतवळे, आणि त्यावर बसलेला काळा गाळ. आत माणूस उतरल्याची खूण नव्हती. मे महिन्यातच उत्तर मिळालं असतं तर मोरी साफ व्हायला दोन दिवस पुरले असते.

महोदय, नगरसेवकाला प्रश्न विचारायचा हक्कच नाही अशी स्थिती नाही. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने तो दिलेला आहे. कामातली हयगय, नगरपरिषदेच्या मालमत्तेची नासाडी, आपल्या भागाच्या गरजा नजरेस आणून देणं आणि कारभाराबद्दल अध्यक्षांना विचारणं हे त्याचं कामच आहे. पण विचारल्यावर उत्तर कोणी द्यायचं, किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात, आणि न दिल्यास पुढे काय, हे प्रत्यक्षात कुठेच ठरलेलं दिसत नाही. सगळं त्या त्या नगराध्यक्षांच्या आणि मुख्याधिकाऱ्यांच्या मर्जीवर चालतं. चांगले मुख्याधिकारी मीही पाहिले. नगरसेवकाला समोर बसवून फाईल उघडून दाखवणारे. त्यांची बदली झाली की कारभार पुन्हा पहिल्या जागी.

आता आपल्या विधिमंडळाकडे बघा. कामकाज प्रश्नोत्तराच्या तासाने सुरू होतं. आमदाराने आमच्या त्याच मोरीवर तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, टाकला तर तो मंत्रालयातून जिल्हाधिकारी कार्यालयात येतो आणि तिथून मुख्याधिकाऱ्यांकडे. मग मुख्याधिकारी अभियंत्याला बोलावून, फाईल काढून, रात्री उशिरापर्यंत बसून उत्तर तयार करतात, कारण ते उद्या मंत्र्यांच्या तोंडी येणार असतं. याचा अर्थ माहिती तयार असते आणि ती देणारा माणूसही तोच असतो. नागपूरच्या अधिवेशनासाठी जी माहिती चार दिवसांत निघते, ती बाजारपेठेतल्या सभागृहात मागितली तर वर्षभर का निघत नाही?

ग्रामपंचायतीत वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. तिथे कोणीही मतदार उभा राहून सरपंच आणि ग्रामसेवकाला हिशेब विचारू शकतो. आमच्या ग्रामसभांत वाद होतात, आवाज चढतात, कधी कोरम भरत नाही, पण माणसाला विचारायची जागा असते. गुहागर, लांजा, देवरुख, कुडाळ, देवगड-जामसंडे इथे ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, तेव्हा निधी मिळायच्या वाटा वाढल्या आणि ग्रामसभा गेली. कालपर्यंत थेट विचारणारा माणूस आज फक्त आपल्या प्रभागाच्या नगरसेवकामार्फत विचारू शकतो. त्या नगरसेवकालाही उत्तर मिळत नसेल तर शहर झाल्यामुळे त्या माणसाचा आवाज कमीच झाला.

प्रश्नाला जागा नसली की काय होतं ते कोकणाने पाहिलं आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूण बुडालं आणि सावित्री नदीच्या पुराने महाड. राजापूरच्या जवाहर चौकात अर्जुना-कोदवली नद्यांचं पाणी येतं ते तर दर पावसाळ्यात ठरलेलंच आहे. महापूर ओसरल्यावर चिपळूणकरांचा साधा प्रश्न होता, नदीतला गाळ कधी निघणार. त्याच वर्षाच्या अखेरीला त्यासाठी लोकांना साखळी उपोषणाला बसावं लागलं. त्याच सुमारास नगरपरिषदांची मुदत संपली आणि प्रशासक आले. शहरं पुरातून सावरत होती, कोट्यवधींची कामं निघत होती, आणि नेमक्या त्याच वर्षांत सभागृहात विचारायला कोणीच नव्हतं. बहुतेक ठिकाणी मुख्याधिकारी हेच प्रशासक होते. विषयाची टिपणी त्यांच्याच कार्यालयाची आणि ठराव मंजूर करणारी सहीही त्यांचीच. अधिकारी प्रामाणिक असला तरी अशा रचनेत चूक पकडली जात नाही, कारण पकडणारी खुर्चीच रिकामी असते.

म्हणून पहिलं काम त्या चार वर्षांचं. प्रशासकांच्या काळात झालेले ठराव, दिलेली कंत्राटं, अदा झालेली देयकं आणि अर्धवट राहिलेली कामं, सगळं नव्या सभागृहापुढे ठेवावं आणि त्यावर एक पूर्ण सभा व्हावी. ‘ते आमच्या काळातलं नाही’ हे उत्तर चालू देऊ नये. रस्ता फुटतो, पाण्याची टाकी गळते, ती आजच्या नगरसेवकाच्या प्रभागात.

मग नेहमीची पद्धत. प्रत्येक सर्वसाधारण सभेचा पहिला अर्धा-पाऊण तास प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवावा, शेवटी ऐनवेळचा विषय म्हणून नव्हे. सभेच्या आठवडाभर आधी दिलेल्या प्रश्नाचं लेखी उत्तर सभेच्या आदल्या दिवशी सर्व सदस्यांच्या हातात पडावं, आणि त्याखाली उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि सही असावी. मोजमाप पुस्तिका, कार्यादेश, देयक यांच्या प्रती मागितल्या तर सोबत जोडाव्यात. इतिवृत्तात प्रश्न शब्दशः यावा आणि सभेचं ध्वनिमुद्रण जपून ठेवावं. उत्तर आलं नाही तर पुढच्या विषयपत्रिकेवर तो पहिला विषय असावा, आणि दोनदा टाळलं तर जिल्हाधिकाऱ्यांकडे आपोआप अहवाल जावा.

सर्वांत जास्त आग्रह माझा या पुढच्या गोष्टीचा आहे. प्रश्न आणि उत्तरं नगरपरिषदेच्या फलकावर आणि संकेतस्थळावर मराठीत लावली जावीत. त्याचं कारण उघडपणे सांगते. प्रश्न टाकून मग गप्प बसणारे नगरसेवकही असतात. ठेकेदाराच्या कामावर प्रश्न येतो, पंधरा दिवसांत तो मागे घेतला जातो आणि मध्ये काय झालं ते बाजारातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. उत्तर न देणारे अधिकारी याच माणसांकडे बोट दाखवतात आणि प्रामाणिक नगरसेवकालाही त्याच रांगेत उभं करतात. प्रश्न एकदा फलकावर लागला की तो गावाचा होतो. मग तो कोणाला गुपचूप मागे घेता येत नाही आणि दडपताही येत नाही.

मुख्याधिकाऱ्यांची बाजूही मला माहीत आहे. कोकणात अनेक ठिकाणी एकाच मुख्याधिकाऱ्याकडे दुसऱ्या शहराचा अतिरिक्त कार्यभार असतो आणि अभियंत्याची पदं रिक्त असतात. तो कोंडमारा खरा आहे. पदं भरायची जबाबदारी शासनाची आहे आणि ती आपण उचलावी. पण तेवढ्यासाठी प्रश्न थांबवून चालणार नाही. वेंगुर्ल्यासारख्या छोट्या नगरपरिषदेने कचऱ्याचं बारीक वर्गीकरण करून असा डेपो उभा केला की लोक मुद्दाम बघायला जातात. मनुष्यबळ कमी असलेल्या शहरालाही हे जमतं, मग आठ-दहा प्रश्नांची लेखी उत्तरं जमणार नाहीत असं मी मानत नाही.

नव्या नगरसेविकांबद्दल दोन शब्द. पहिल्या सभेला जाताना घरची आणि पक्षाची माणसं सांगतात, आधी सहा महिने नुसतं ऐक. सभेत उठून बोलायला धीर लागतो, समोर वीस वर्षं तिथेच बसलेली माणसं असतात. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर मिळण्याची पद्धत असेल तर त्या बाईला कोणाच्या आवाजाशी आवाज जुळवावा लागत नाही. गल्लीतल्या नळाला पाणी का येत नाही, हे ती घरी बसून एका कागदावर लिहून विचारू शकते. आणि उत्तर आलं की ते तिच्या नावावर येतं. नवऱ्याच्या नाही, गटनेत्याच्याही नाही.

सभा कामकाजाचे नियम शासन करतं, त्यामुळे यासाठी नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही. आपल्या विभागाचं एक स्पष्ट परिपत्रक पुरेल. ते मान्सूनपूर्व कामांच्या सभांआधी निघावं. त्या सभांत कोकणातल्या प्रत्येक शहराच्या गटार-पऱ्यांच्या कामाला मंजुरी मिळते, आणि त्याच वेळी प्रत्येक नगरसेवकाला आपल्या प्रभागातली मोरी कोणी, कधी आणि किती साफ केली हे लेखी विचारता आलं पाहिजे.

आपली नम्र,
एक माजी नगरसेविका